रविवार सकाळचा गलका

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत कोकणातील आणि मुंबईतील बेने इस्रायल या मराठी ज्यू समाजाच्या प्रार्थनालयांविषयी आलेला सचित्र लेख वाचला. लेख आस्थेने लिहिलेला होता आणि छायाचित्रेही देखणी होती. रिकाम्या लाकडी बाकांवर पडलेला उजेड, छताला टांगलेले काचेचे दिवे, तोरा या आमच्या मूळ धर्मग्रंथाची गुंडाळी ठेवतात त्या हेखालवरचा मखमली पडदा, हे सारे पाहून माझ्यासारख्या त्याच समाजातल्या बाईलाही आपलेच घर नव्याने पाहिल्यासारखे वाटले. मात्र त्यांतल्या एकाही छायाचित्रात माणूस नव्हता, आणि शेवटच्या छायाचित्राखाली, या वास्तूंत आता केवळ शांतता नांदते, अशा अर्थाची ओळ होती. गेली अकरा वर्षे दर रविवारी सकाळी नऊ ते साडेबारा अशाच एका प्रार्थनालयाच्या मागच्या खोलीत मी मुलांना धर्मशिक्षण देते. तिथे जे नांदते त्याला शांतता म्हणण्याचे धाडस आमच्या शेजारच्या इमारतीतला एकही रहिवासी करणार नाही; त्यांतल्या एका गृहस्थांनी तर याच गलक्याबद्दल आमच्याविरुद्ध लेखी तक्रार केलेली आहे. त्या तक्रारीकडे मी पुढे येतेच.

छायाचित्रकारांना मी दोष देत नाही. ते बहुधा आठवड्यातल्या एखाद्या दुपारी आले असावेत, आणि त्या वेळी आमच्याकडे कुलूपच असते. शनिवारी आले असते तर शब्बाथमुळे कॅमेरा बाहेर काढू दिला नसता. राहता राहिला रविवार, आणि रविवारी कुणी येत नाही. धर्मशिक्षणाचा वर्ग शब्बाथच्या पवित्र दिवशी का भरवत नाही, असे बाहेरचे लोक मला नेहमी विचारतात. शब्बाथला ज्या 39 प्रकारच्या कामांची मनाई आहे त्यांत लिहिणेही येते, म्हणजे पाटी, पेन्सिल, खडू, वही यांतले काहीच हाती धरता येत नाही, आणि न गिरवता मुळाक्षरे शिकवण्याची विद्या अजून मला साधलेली नाही. शिवाय आमच्या पुष्कळ मुलांना शनिवारी सकाळची शाळा असते, आणि चाचणी परीक्षा नेमकी शनिवारीच ठेवण्याची अनेक शाळांना काय हौस असते कोण जाणे. महाराष्ट्र शासनाने 2016 साली ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला, ही समाधानाची गोष्ट आहे. पण अल्पसंख्याक असणे म्हणजे काय ते आमच्या मुलांना त्या दर्जाआधीच वेळापत्रकाने शिकवलेले होते.

आता त्या सकाळविषयी. 2008 च्या नोव्हेंबरात कुलाब्याच्या नरिमन हाउस या ज्यू केंद्रावर दहशतवादी हल्ला झाला, तेव्हापासून आमच्या फाटकाशी पोलीस पहारा असतो आणि आत येणाऱ्या प्रत्येकाची वहीत नोंद होते. पावणेनऊला मुले येऊ लागतात. काही चालत, काही रिक्षाने, तर दोन घरांतली मुले रविवारच्या मेगाब्लॉकशी झगडत लोकलने. ड्युटीवरच्या हवालदारांना सगळ्यांची नावे पाठ आहेत. मूल म्हणते, "शालोम, काका," आणि काका म्हणतात, "शालोम, आधी बुटाची नाडी बांध." हा संवाद मी अकरा वर्षे ऐकते आहे, काका बदलतात, नाड्या मात्र सुटलेल्याच असतात.

दाराच्या चौकटीवर उजव्या अंगाला मेझुझा असते, म्हणजे तोरातली वचने चर्मपत्रावर हाताने लिहून नळीत घालून बसवलेली असतात. आत शिरताना तिला बोटे लावून ओठांना लावायची असतात. मोठी मुले हे चालता चालता करतात. लहानांचा हात तिथे पोचत नाही, मग त्यांना कुणीतरी उचलावे लागते, आणि ज्याला एकदा उचलले तो पुन्हा बाहेर जाऊन रांगेत उभा राहतो. नऊ वाजून दहा मिनिटांपर्यंत आमची निम्मी शक्ती या उचलण्यात जाते. पटावर 23 मुले आहेत, चार वर्षांपासून तेरा वर्षांपर्यंतची, आणि शिकवणारे दोघे: लहानांना मी, मोठ्यांना बँकेतून निवृत्त झालेले एक सद्गृहस्थ. तल्मूदात, म्हणजे आमच्या धर्मशास्त्रचर्चेच्या प्राचीन ग्रंथात, असे सांगितले आहे की 25 मुलांपर्यंत एक शिक्षक पुरतो, 40 झाली तर त्याच्या मदतीला माणूस द्यावा आणि 50 झाली तर दोन शिक्षक नेमावेत. ज्यांनी हा हिशेब केला त्यांच्या विद्वत्तेविषयी मला आदर आहे, पण चार वर्षांची मुले त्यांनी घरातल्या बायकांकडे सोपवलेली असावीत, असा माझा दाट संशय आहे.

वहीपासूनच गंमत सुरू होते. हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहितात, म्हणून वही आपल्या दृष्टीने शेवटच्या पानापासून उघडते. आमच्याकडची बहुतेक मुले काटकसरीने शाळेच्या जुन्या वह्या आणतात. एका बाजूने गणित किंवा मराठीचे शुद्धलेखन आलेले असते आणि दुसऱ्या बाजूने आलेफ, बेथ, गिमेल, दालेथ चालू लागते, आणि वर्षअखेरीस मधल्या कुठल्याशा पानावर दोन्ही लिप्या समोरासमोर येतात. मराठी मुलांना काही हिब्रू अक्षरे इतरांपेक्षा सोपी जातात, हे मी अनुभवाने सांगते. 'त्सादी' या अक्षराचा उच्चार करताना परदेशी पाहुण्यांची जीभ अडखळलेली मी पाहिली आहे. आमच्या मुलांना "चमच्यातला च" एवढेच सांगितले की काम होते. तसेच 'झायिन'चे. "जवळमधला ज, जगातला नव्हे," असे म्हटले की पुढच्या अक्षराकडे जाता येते.

अडते ते दालेथ आणि रेश या जोडीपाशी. दोन्ही अक्षरे दिसायला सख्खी भावंडे; फरक एवढाच की दालेथचा वरचा कोपरा टोकदार असतो आणि त्याला मागे किंचित शेपूट असते, तर रेशचा कोपरा गोल असतो. हा फरक किरकोळ वाटेल, पण आमची सर्वांत महत्त्वाची प्रार्थना या एका कोपऱ्यावर उभी आहे. "शेमा इस्रायल, अदोनाय एलोहेनु, अदोनाय एहाद," म्हणजे हे इस्राएला, ऐक, परमेश्वर आपला देव आहे, परमेश्वर एक आहे. यातल्या 'एहाद' या शब्दाच्या शेवटी दालेथ आहे. तिथे चुकून रेश वाचली तर शब्द होतो 'अहेर', म्हणजे दुसरा, आणि एकच देव सांगणाऱ्या वाक्याचा पार विचका होतो. म्हणूनच तोराच्या गुंडाळीत तेवढे एक दालेथ मुद्दाम मोठे काढतात. गेल्या पावसाळ्यात एका सात वर्षांच्या मुलाने फळ्यासमोर उभे राहून, उजवा हात डोळ्यांवर ठेवून, खणखणीत आवाजात नेमकी तीच चूक केली, आणि मी काही बोलण्याआधीच मागून एक मुलगी म्हणाली, "बाई, हा देवाला आहेर करतोय." त्यानंतरची पाच मिनिटे वर्ग कुणाच्याच ताब्यात नव्हता. पण त्या दिवसापासून माझ्या वर्गात दालेथचा कोपरा कुणी गोल काढलेला नाही.

साडेदहाला डबे उघडतात. डब्यात मांस आणायचे नाही असा नियम आहे, कारण कुणाच्या पोळीला लोणी असते, कुणी दही आणते, आणि मांस व दूध एकत्र करायचे नसल्यामुळे डब्यांची अदलाबदल हा धर्मसंकटाचा विषय होतो. खाण्यापूर्वी बेराखा, म्हणजे आभाराचे वचन, म्हणायचे. आणि ते पदार्थागणिक निराळे असते. झाडाच्या फळाला एक, जमिनीतून येणाऱ्या पिकाला दुसरे. नारळ झाडाचा, त्यावर वाद नाही. पण केळे? "केळीचे झाड" असे आपण सगळेच म्हणतो, आणि धर्मशास्त्र मात्र केळ्याला जमिनीच्या पिकात बसवते. शहरातली मुले यावर हटून बसतात. मग ज्याचे आजोळ रेवदंड्याकडे आहे असा एखादा मुलगा उठून समजावतो की घड उतरवला की केळीचा खांब तोडूनच टाकतात, पुढच्या वर्षी त्याच खांबाला फळ धरत नाही, खालून नवा कोंब येतो. झाड असते तर उभे राहिले असते. शास्त्रकारांचे कारणही हेच आहे. माझ्या अर्ध्या तासाच्या व्याख्यानापेक्षा परसातली केळ पाहिलेल्या मुलाची चार वाक्ये पुरतात, आणि असे मूल दर वर्षी एकाने कमी होते, याचे मला वाईट वाटते.

माशांचा धडाही असाच. पर आणि खवले दोन्ही असतील तो मासा चालतो. म्हणून पापलेट चालते, कोळंबी चालत नाही, मुशी चालत नाही. हा धडा मी नेहमी जुन्या कथेने सुरू करते. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून वाचलेल्या सात पुरुष आणि सात स्त्रियांची आम्ही लेकरे, अशी आमची परंपरा सांगते. शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली म्हणून गावकऱ्यांनी आम्हाला 'शनिवार तेली' हे नाव दिले. पुढे कधीतरी डेव्हिड राहाबी नावाचा परदेशी ज्यू तिथे आला, आणि हे लोक खरोखरच ज्यू आहेत का ते पाहण्यासाठी त्याने बायकांपुढे माशांची टोपली ठेवली. त्यांनी पर-खवल्यांचे मासे निवडून बाकीचे बाजूला केले. मग त्याने तीन तरुणांना हिब्रू शिकवून तयार केले, आणि झिराडकर, शापूरकर, राजपूरकर या घराण्यांतले ते तरुण गावोगाव धर्मकार्ये चालवणारे काजी झाले. कथेत इतिहास किती आणि आख्यायिका किती, हे विद्वानांनी ठरवावे. मला त्यातली ती टोपली आवडते. शेमाचे काही शब्द, शब्बाथ, सुंता आणि खाण्यापिण्याचे नियम एवढेच हाती असताना, ना ग्रंथ ना शाळा अशा अवस्थेत किती पिढ्या गेल्या, आणि तेवढ्या काळात हे शिक्षण चुलीपाशी टिकून राहिले.

सणांची नावे शिकवताना तर मला दोन वर्ग एकदम चालवल्यासारखे वाटते. रोश हशाना, योम किप्पूर, पेसाह ही नावे मुलांना मोबाइलवरूनही कळतात. पण रोश हशाना म्हणजे 'नव्याचा सण', योम किप्पूर म्हणजे 'दारफाळणीचा सण', त्याच्या दुसऱ्या दिवशीचा 'शिळा सण', पुरिम म्हणजे 'होळीचा सण', आणि जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा उपास म्हणजे 'बिरड्याचा रोजा', ही नावे आजीच्या तोंडूनच येतात. त्यांत कोकणातला वाल आहे, शेजारच्या मुसलमानांचा रोजा आहे आणि हिंदूंची होळीही आहे. आमचे एक तरुण कार्यकर्ते मागे मला म्हणाले होते की ही गावठी नावे आता शिकवू नयेत, मुले गोंधळतात. मी दोन्ही शिकवते. मुले गोंधळत नाहीत. उलट 'शिळा सण' म्हटल्यावर सगळी खदखदा हसतात आणि तो दिवस कायमचा लक्षात ठेवतात.

पलीकडच्या कोपऱ्यात याच वेळी मोठ्यांची तयारी चाललेली असते. मुलगा तेरा वर्षांचा आणि मुलगी बारा वर्षांची झाली की ती धर्माच्या दृष्टीने जाणती होतात, आणि त्या वेळी मुलाने तोराचा भाग सर्वांसमोर वाचायचा असतो. गुंडाळीत स्वरचिन्हे नसतात, चालीच्या खुणाही नसतात, नुसती व्यंजने असतात. म्हणजे छापील पुस्तकावरून सारे पाठ करून मगच त्या मुक्या अक्षरांपुढे उभे राहायचे. आवाज फुटण्याचे वय आणि सुरात वाचण्याचे वय नेमके एकच ठेवण्यात काय शहाणपण होते, ते मला कधी कळले नाही. एकीकडे तो फुटका आवाज तीच ओळ अठराव्यांदा घेतो आहे, दुसरीकडे माझी बाळे बाराखडीच्या चालीवर आलेफ-बेथ ओरडत आहेत, आणि बाहेर मलीद्यासाठी, म्हणजे आमच्या प्रसादाच्या गोड पोह्यांसाठी, कुणीतरी खोबरे किसते आहे, असा हा सगळा थाट असतो.

आता तक्रारीविषयी. शेजारचे गृहस्थ रात्रपाळीची नोकरी करतात आणि रविवारी सकाळी त्यांना झोप हवी असते. मागणी अवाजवी नाही. त्यांनी आमच्या विश्वस्तांना दोन पानी पत्र लिहिले, त्यात 'आरडाओरडा' हा शब्द चार वेळा आला आहे. योगायोग असा की हा तंटा फार जुना आहे. इसवी सन 200 च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या धर्मनियमांच्या संग्रहात, बाबा बाथ्रा या भागात, सामाईक अंगणातल्या भांडणांचा विचार केलेला आहे. अंगणात कुणी दुकान थाटले तर गिऱ्हाइकांच्या आवाजाने झोप येत नाही अशी हरकत शेजाऱ्याला घेता येते. पण मुलांच्या आवाजाने झोप येत नाही, अशी हरकत घेता येत नाही. तल्मूदातली चर्चा या मुलांचा अर्थ शिकायला आलेली मुले असा लावते, आणि तिथेच यहोशुआ बेन गामला याचे नाव कृतज्ञतेने घेते, कारण सहा-सात वर्षांच्या मुलांसाठी गावोगाव शिक्षक नेमण्याचा नियम या प्रमुख याजकाने घातला. त्याआधी ज्याला बाप असे त्यालाच शिक्षण मिळे. त्याच पानावर असेही आहे की शिक्षकाला मुलाला मारावेसे वाटलेच तर त्याने बुटाच्या बंदानेच मारावे. आमच्या वर्गात बुटाचे बंद कोणत्या अवस्थेत असतात ते मी वर लिहिलेच आहे.

हे वचन मी शेजाऱ्यांना दाखवले नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या उपविधींपुढे मिश्ना टिकणार नाही, एवढे मला कळते, आणि झोपेच्या हक्कावर शास्त्राधार फेकून मारणे हे शेजारधर्माला धरूनही नाही. त्या बाजूची खिडकी आम्ही आता बंद ठेवतो, आणि मोठ्याने म्हणायचे ते सारे दहानंतर घेतो. एप्रिल-मेमध्ये त्या खोलीत बसवत नाही, हा भाग वेगळा. तक्रार अद्याप मागे घेतलेली नाही. परंतु खरे सांगायचे तर ते पत्र मी फाइलमध्ये जपून ठेवले आहे. आमचा वर्ग भरतो, त्यात मुले असतात आणि ती शिकतात, याची बाहेरच्या माणसाने केलेली तेवढी एकच लेखी नोंद आज अस्तित्वात आहे. आपल्या पुरवणीनेही ती केली नाही, म्हणून हे पत्र.

मी संख्या फुगवून सांगू इच्छित नाही. इस्रायलची स्थापना झाल्यावर आमच्यातले बहुसंख्य लोक तिकडे गेले, आणि शिकवू शकणारे आधी गेले. गेल्या वर्षीच माझ्या वर्गातली दोन भावंडे अश्दोदला गेली. 25 चा पट 23 झाला तो त्यामुळे. लेखात याविषयी जे लिहिले आहे ते बरोबरच आहे. त्यातून जो निष्कर्ष काढला आहे तो मात्र बाके मोजून काढलेला आहे. या समाजाचे शिक्षण बाकांवर कधी अवलंबून नव्हते, ते शिकवणाऱ्यांवर होते, आणि ते शिक्षण मराठीतून झाले, ही गोष्ट मराठी वृत्तपत्राने तरी नजरेआड करू नये. कोकणात एकोणिसाव्या शतकात कोचीनहून शिक्षक आले. मिशनरी जॉन विल्सन यांनी 1832 साली हिब्रूचे व्याकरण मराठीत लिहिले, आणि त्यांचा हेतू धर्मांतराचा असला तरी आमच्या पूर्वजांनी व्याकरण तेवढे घेतले. पेसाहच्या रात्री वाचायची, इजिप्तमधून सुटकेची कथा सांगणारी हागादा 1874 साली पुण्यात हिब्रू आणि मराठीत सचित्र छापली गेली. पुढच्याच वर्षी हाईम सॅम्युएल किहिमकर यांनी मुंबईत बेने इस्रायल मुलांसाठी शाळा काढली, तीच पुढे माझगावची सर एली कदूरी शाळा झाली. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी तर प्रार्थनेची पुस्तके मराठीत आणण्यात आयुष्य घालवले. माझ्या टेबलावर आज जे फाटके पुस्तक आहे त्यात एका बाजूला हिब्रू आणि दुसऱ्या बाजूला तेच मराठी आहे, आणि कुठल्या तरी पणजीने समासात शिसपेन्सिलीने उच्चार बाळबोध लिपीत लिहून ठेवले आहेत.

त्या अनुषंगाने आपल्या वाचकांना एक विनंती आहे. अलिबाग, पनवेल, पेण, रोहा, मुरूड या बाजूला इस्रायल आळीतली घरे अनेकांनी विकत घेतली, आणि त्या घरांच्या माळ्यांवर अशी पुस्तके अजून निघतात. देवाचे नाव असलेला ग्रंथ आमच्यात रद्दीत घालत नाहीत. तो अगदीच निकामी झाला तर दफनभूमीत पुरतात. कुणाला असे पुस्तक सापडल्यास ते जवळच्या कोणत्याही सिनेगॉगमध्ये, म्हणजे आमच्या प्रार्थनालयात, पोचवावे. पुरण्याच्या अवस्थेतले असेल तर पुरू, पण बहुतेक वेळा चिकटपट्टी लावून ते पुढच्या रविवारी वापरात येते.

आपणाकडून एवढीच अपेक्षा आहे की त्या छायाचित्राखालच्या ओळीची दुरुस्ती छापावी, आणि जमल्यास आपल्या छायाचित्रकारांना एखाद्या रविवारी नऊच्या सुमारास आमच्याकडे पाठवावे. पालकांची संमती मी घेऊन ठेवीन. येताना ओळखपत्र आणावे, कारण फाटकावर नोंद करावी लागते. डोक्यावर टोपी लागते, ती आमच्या पिशवीतून मिळेल. फक्त पिशवीत लहान मापाच्याच टोप्या उरलेल्या आहेत.

आपली विश्वासू,
रविवारच्या वर्गाची एक शिक्षिका,
जि. ठाणे